महादूनं दोर सैल सोडला

सुट्टीवर आलो की सगळे विचारतात, फौजेत एवढं काय खाता रे? खाणं राहू द्या, आमचा घाम काढते ती रस्सीखेच. हरेल त्या टीमनं भरलेला पिट्ठू पाठीवर घेऊन दहा किलोमीटर पळायचं.

यंदा दोराच्या शेवटाला आमचा मंद्रूपचा महादू होता. समोरचे जागचे हलेनात, आमचे पाय घसरायला लागले. तेवढ्यात महादू ओरडला, "सैल सोडा!" आम्ही हातभर ढील दिली आणि समोरचे आठही जण धाडकन उताणे पडले. ते उठायच्या आत आम्ही त्यांना रेघेच्या अलीकडं ओढलं.

आम्हाला कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

महादू म्हणाला, "आमच्या बैलानं, साहेब. अडून बसला की वढायचं न्हाय. दोर सैल सोडला की आपसूक येतो."

"शाब्बास. आता पिट्ठू घ्या आणि तुम्हीच पळा."

"पण जिंकलो की आमी!"

"खेळ ताकद वाढवायला ठेवलाय. त्यांनी जोर लावला. तुम्ही कुठं लावला?"

चौथ्या किलोमीटरला मी महादूवर लई भडकलो. तो धापा टाकत म्हणाला, "उस्तादांचं काय चुकलं? बैल आला की आमी बी त्याला औतालाच जुंपतो की."