माघारीचा अर्ज

— नाही हो आजोबा, तुमच्या कागदांत खोट नाही, बसा तुम्ही, असे एकदम उठू नका, मी दचकते. बिश्केकला, राजधानीच्या पदक विभागात, फोन लागतोय, वाजतोय, उचलत मात्र कुणी नाही. तर काय सांगत होते — मला पहिल्यांदा खटकलं ते चहाचं. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या साहेबांनी, शाकिरबाइकेंनी — तोंडावर 'बाइके', दादा, म्हणावं लागतं त्यांना — स्वतःच्या हातानं मला चहा ओतून दिला. मला! कचेरीत सगळ्यांत धाकटी मी, दोन वर्षं किटली माझ्याच हातात, आणि साहेब ओततायत! तोही अर्धाच पियाला — म्हणजे बस, अजून घे, घाई नाही. एरवी काठोकाठ भरून देतात, म्हणजे पी आणि चालू लाग. म्हटलं बेगिमाय, हा माणूस आता काहीतरी मागणार.

आणि मागितलंच. म्हणाले, 'लेकी, सीमापार सेवा पदकं आपल्या जिल्ह्याला बारा, नावं बारा, सगळं चोख. फक्त आमचे सासरे राहिलेत.' आता सासऱ्यांची सेवा कसली? तिर्मिझच्या छावणीत कोठारात साखर मोजायची. नदीच्या अलीकडे! अफगाणिस्तान पलीकडे. मी भीतभीत म्हटलंसुद्धा, 'बाइके, ते नदी ओलांडून गेलेच नाहीत ना?' तर म्हणाले, 'कोठाराची खिडकी तिकडेच उघडायची. वारा सुटला की तिकडची धूळ पोत्यांवर बसायची. परदेशाशी संबंध आला की नाही?' आला! मग एक नाव कमी करायचं. कुणाचं? ज्याचे कागद लंगडे — अगंबाई! तसं नव्हतं हो म्हणायचं मला. माफ करा. जीभ अशी घसरते ना माझी.

तुमच्या लष्करी पुस्तिकेत काय लिहिलंय? 'मित्रदेशात वृक्षारोपण.' दोन वर्षं वृक्षारोपण! तेव्हा अफगाणिस्तानचं युद्ध गुपित, म्हणून सगळ्यांना घरच्या पत्रांत तेच लिहायला लावायचे ना — खुशाल आहे, झाडं लावतोय. बाकीच्यांनी पुढे पुस्तिका दुरुस्त करून घेतली, तुम्ही का नाही घेतली? हां — दवाखान्यात होता. खरंच की. साहेब म्हणाले, युद्धावर गेल्याचा पुरावा मागा. तर तुम्ही इथेच विजार वर केलीत आणि खोटा पाय काढून टेबलावर ठेवलात — माझ्या हातनं शिक्क्याची शाई सांडली, हा बघा डाग — आणि साहेब काय म्हणाले? 'पाय हा कागद नव्हे. कुठल्या फायलीत लावू?' मी हसले. साहेबांनी विनोद केला की आम्ही हसतो इथे. तुम्ही पट्टे बांधत होता तेव्हा, तुम्हाला ऐकू आलं नसेल — आलं होतं?

गेल्या आठवड्यात तुमच्या म्हातारीबाई येऊन गेल्या, तुम्हाला माहीत नाही. पिठाचे बोरसोक तळून घेऊन आल्या होत्या, गरम. म्हणाल्या, 'पोरी, गाव अजून विचारतं, काय कालमुर्झा, झाडांना फळं धरली का? पाय ट्रॅक्टरखाली गेला म्हणतात. पदक नका देऊ हवं तर. चौकात सगळ्यांसमोर तेवढं वाचा — कालमुर्झा अब्दिल्दायेव, अफगाणिस्तान. मला शेजारणीचं तोंड बघायचंय.' मी म्हटलं, वाचू की आजी. बोरसोक खाल्ले. सगळे मीच खाल्ले.

सकाळी मी तुम्हाला सांगितलं, संगणकानं नाव गाळलं. त्या बिचाऱ्याला काय कळतंय? साहेबांनी गाळलं. म्हणजे — गाळायला सांगितलं. पण नाव असं नुसतं गाळता येत नाही हो, बिश्केकला कारण लागतं. मग कारण मिळालं. अर्जदाराने स्वखुशीने माघार घेतली. 'वयोमानामुळे समारंभाचा गोंगाट सोसवत नाही, तरी सदर सन्मान माझ्याहून योग्य व्यक्तीस द्यावा, ही नम्र विनंती.' छान आहे ना भाषा? कॉलेजात निबंधाचं पहिलं बक्षीस कुणाला होतं? आणि सही — तुमची सही सोपी आहे आजोबा, पहिलं अक्षर मोठं, पुढे नुसती रेघ. तीनदा गिरवली. हात कापत होता माझा, म्हणून तर हुबेहूब म्हाताऱ्या माणसाची आली.

हे सांगायचं नव्हतं मला.

असं बघू नका ना. ओरडा तरी! साहेब ओरडतात तेव्हा मला कळतं काय करायचं ते. मार्चमध्ये कायम होणार आहे मी, घरी आई आहे — जाऊ दे, आई काय, सगळ्यांच्या घरी असते. ऐकलंत? बँड सुरू झाला. अकराला पहिलं नाव. सासरे कधीचे पहिल्या रांगेत बसलेत, कोटावर जयंत्यांची, वर्धापनांची पंधरा पदकं आहेतच, चालले की टांग्याच्या घोड्यासारखे वाजतात, आज तर नव्यासाठी जागा हवी म्हणून एक पार काखेपाशी सरकवलंय. बिश्केकहून एक शब्द आला ना, तर साहेबांना तुमचं नाव वाचावंच लागेल. वरच्यांपुढे त्यांचं मांजर होतं. म्हणून तर पुन्हापुन्हा फिरवतेय नंबर — सातव्यांदा —

कोण? — हो बाइके, आणते यादी! दोनच मिनिटं! — नाही, दार अडकलंय जरा, थंडीनं फुगलंय!

कडी मीच लावलीय. घाबरू नका. म्हणजे घाबरलेय ती मी. आजोबा, तुम्ही मागच्या दारानं जा, चौकात उभे राहा, पुढेच राहा, म्हातारीबाईंना पण पुढे घ्या. काय? नाही, मी काय सांगणार त्यांना ते मलाही ठाऊक नाही, जा तुम्ही, जा म्हणते ना —

हॅलो? हॅलो! पदक विभाग ना? मी जिल्हा कचेरीतून. बाराव्या नावाबद्दल. तो माघारीचा अर्ज आलाय ना तुमच्याकडे, तो त्यांनी लिहिलेला नाही... हो. हो, खात्री आहे. कारण तो कुणी लिहिला ते मला माहीत आहे... नाव?

...लिहून घेताय?