आशीर्वादाचा हात

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लागेना, तशी आजींनी शेजारच्या बाईला बोलतं केलं. त्यांचं बोलणं ऐकता ऐकता समोर बसलेल्या शिंप्याचा पेपर हातातच राहिला.

"म्हणजे सिरियलमधल्या देवीचे आठही हात तिचे नसतात?" आजींनी विचारलं.

"तिचे दोनच. बाकीचे आम्हा तिघींचे. तिच्या पाठीमागे काळ्या कपड्यात दडून बसतो."

"मला वाटलं, कॉम्प्युटरची करामत!"

"ते हात खोटे दिसतात म्हणे. म्हणून आमचे खरे हवेत!"

"आणि तो आशीर्वादाचा?"

"तो माझा! दिवसभर वर धरायचा. जरा हलला की डायरेक्टर खेकसतो. खांदा भरून आला म्हटलं, तर म्हणतो, दुसरी बाई बघतो!"

"अगं, रोज त्याच हाताला नमस्कार करते मी. ठेव की माझ्या डोक्यावर."

"तेवढा वर जात असता, तर इथे कशाला आले असते, आजी?"