खिडकीला नकार

दातांच्या दवाखान्यात एक वयस्कर गृहस्थ आपल्या नंबराची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाकावर दोन मैत्रिणी परवाच्या भूकंपाबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता एका इमारतीचं नाव आलं, आणि गृहस्थांनी हातातलं वर्तमानपत्र खाली घेतलं. त्या इमारतीचं डिझाइन त्यांच्या लेकीनं केलं होतं.

"बांधकाम चालू असताना मला बेडरूमच्या त्या भिंतीत खिडकी हवी होती गं. इंजिनिअर बाईंनी साफ नाही म्हटलं."

"का?"

"म्हणे, ही नुसती आडोशाची भिंत नाही, शिअर वॉल आहे. सळया घालून ओतलेलं काँक्रीट, पायापासून गच्चीपर्यंत सलग. भूकंपाचा आडवा धक्का हीच पेलणार."

"मग?"

"मग काय, ह्यांना पाठवलं, बिल्डरला मध्ये घातलं. बाई ढिम्म! म्हणाल्या, खिडकी हवी तर दुसरा इंजिनिअर शोधा. असा राग आला होता मला!"

"आणि परवा?"

"घर गदागदा हललं. बश्या फुटल्या, कपाट आडवं झालं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना घेऊन कुठे पळणार? त्यांचा हात धरून त्याच भिंतीशी बसून राहिले. थांबल्यावर बघते तर भिंतीला साधी चीर नाही."

"भलत्याच हट्टी दिसतात बाई."

"हट्टी म्हणजे! कुणावर गेल्यात कोण जाणे."

"माझ्यावर!"

ते इतक्या मोठ्यांदा म्हणाले, की सगळा दवाखाना वळून बघायला लागला.