तेरा जातींचं द्राक्षासव

हळू बोला, बाबा आत जागे असतात. आणि ती बाटली खुर्चीखाली सरकवा, आतल्या दारातून दिसते. — कसं कळलं म्हणता? तसं सांगण्यासारखं काही नाही. उन्हाळा होता. मी अंगणात मुंगवड्या घालत होते, बाबा बाजेवर बसून काठीनं कावळे हाकत होते, आणि पोस्टमन तार घेऊन आला. माझे हात डाळीनं माखलेले, म्हणून म्हटलं, तुम्हीच वाचा. तो म्हणाला, इंग्रजीत आहे बाई. मग हात पुसले आणि वाचली. भाऊ गेला होता माझा, तिकडे फ्रान्समध्ये, ट्रकखाली. बाबांनी विचारलं, "कायची तार व्हय?" मी म्हटलं, शाळेची, पेपर तपासायला नागपूरला बोलावलं आहे. — मग काय? डाळ वाटलेली होती, ती काय फेकायची? उरलेल्या वड्या घातल्या. बाबा म्हणाले, "आज काहून लहान-मोठ्या करून राहिली?" बस. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना धक्का नको. आज सांगू, उद्या सांगू करता करता धान निसवायला आला. त्यांना अजून माहीत नाही. तेव्हा तुम्ही त्याचे मित्र, कंपनीतले सोबती, सगळं खरं, पण आत जाऊन त्यांच्या पाया पडायचं वगैरे काढू नका.

चहा घ्या. आणि तुम्ही आणलेल्या त्या वाइनचं कौतुक पुरे करा आता. भरदार अंगाची म्हणता — दारूला अंग कुठून आलं? काळ्या बोरांचा वास, मिऱ्यांचा वास, मागून चामड्याचा वास. चामड्याचा वास येतो म्हणून आमच्याकडे माणूस भांडं घासायला टाकतो, तुम्ही पैसे मोजून पिता. आणि तेरा जातींची द्राक्षं एकात कालवलेली, ही म्हणे तिथली थोरवी. तुमसरच्या बाजारात तेरा जातींचा धान एका पोत्यात भरून न्या, व्यापारी पोतं तुमच्याच पायावर उलटं करील. आमच्याकडे त्याला भेसळ म्हणतात. तिकडे ते बाटलीवर छापतात.

मुलूख तर त्याहून भारी. त्या ऱ्होन नदीच्या काठी शेतात माती दिसत नाही म्हणे, नुसते गोटे, नारळाएवढाले. का तर ते दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. वर पाणी द्यायची कायद्यानं मनाई. आता हसावं का रडावं, तुम्हीच सांगा — आम्ही तळ्यांच्या जिल्ह्यातली माणसं, बांध फुटला तर रात्री कंदील घेऊन धावणारी, आणि आमच्या घरातला पोरगा शिकून-सवरून पंपांच्या कंपनीत लागतो, कंपनी त्याला पंप शिकायला तिकडे धाडते, आणि हा खोली घेतो कुठे, तर जिथं पंप लावला की दंड होतो. द्राक्षं तोडायला जायचा म्हणे सुटीच्या दिवशी. इथं रोवणीच्या वेळी याला बांधावर उभं करायला तीन हाका माराव्या लागत. तिथं फुकट वाकत होता.

आणि वर खूळ काय, तर कारध्याला नदीकाठी आमचा एक पट्टा आहे, गोट्यांचा, बैलही तिथं पाय टाकत नाही, तिथं म्हणे मी वेल लावीन. "गोटे काढू नका, मी येतो." प्रत्येक पत्रात तेच. आणि बाबा मला सांगायचे, "लिही त्याले, आपल्या इथले गोटे कमी पडत असन तर तिकडले पोतंभर घेऊन ये म्हणा." दोघं बाप-लेक सारखे. कोण हार मानतो.

ही पहिली नाही, आधीची एक त्यानं धाडली होती, तार यायच्या दोन-अडीच महिने आधी. बाटलीवर द्राक्षाचा घड पाहून बाबांना वाटलं, पोरानं अशक्तपणावर द्राक्षासव धाडलं. आमचे बाबा दारूच्या थेंबाला शिवले नाहीत कधी. मोहफुलांच्या दिवसांत गाव डोलायचं, हे एकटे ताक पीत बसायचे. मी काय सांगणार? दोन्ही जेवणांनंतर एक चमचा, कोमट पाण्यातून. आठ-पंधरा दिवसांत तुमच्या त्या भरदार अंगाचं आंबट पाणी झालं, पण यांनी सोडलं नाही. थेंबथेंब पुरवलं. तोंड वेडंवाकडं करायचे आणि म्हणायचे, "कायचं औषध व्हय, जीभ सोलून काढते, पण गुण आहे." संपलं तेव्हा मी गपचूप दुकानातलं द्राक्षासव आणून त्याच बाटलीत भरलं. तार आली, त्याच आठवड्यात. गोड पाक नुसता. — नाही, काही बोलले नाहीत. चमचा पुढे केला की तोंड उघडतात, पितात, भिंतीकडे वळतात. एवढा आंबट-गोडाचा फरक, आणि माणूस —

जीभ गेली असेल. वय झालं. नाही, कान नाही गेला, तो शाबूत आहे, काल देवकाबाई कुंपणापलीकडे कुजबुजली ते ऐकून मला सांगितलं त्यांनी. — गोट्यांचं? नाही. आता गोट्यांचं विचारत नाहीत. पत्र काहून नाही आलं, हेही नाही विचारत. मला वाटायचं, बरंच आहे, खोटं बोलायला नको. उन्हाळ्यापासून एकदाही नाही. आणि त्या वड्या, त्यांच्या आवडीच्या, दर आठ दिवसांनी भाजी करायला लावायचे, तो डबा अजून तसाच —

— कोणी नाही बाबा. शाळेतले आहेत. निघालेच.

तुम्ही निघा आता. सावकाश जा, पुलावर ट्रक फार असतात. अस्थी तुम्ही तिथल्याच नदीत सोडल्या, बरं केलं, ती तरी त्याची ओळखीची होती. बाटली न्यायची नाही, राहू द्या. आमच्याकडे तेरवीला गेलेल्याचं वेगळं पान वाढतात, त्याच्या आवडीचं जे असेल ते त्यावर ठेवतात. तिथं ठेवीन. — कधी म्हणजे? तेरवी म्हटली की सगळे नातेवाईक दारात येतात, बाबांपासून काय लपणार होतं. म्हणून केली नाही.

त्याची तेरवी राहिली आहे.