कचोऱ्याचे डोळे

सासू : एक डोळा मिटून बघू, की दोन्ही उघडे ठेवू?

सून : एक मिटा आणि सूक्ष्मदर्शकात बघा, आई. हा तुमच्या कुंडीतला कचोरा. अगदी पातळ काप काढलाय.

सासू : उकरून आणलास ते बरं केलंस. महिना झाला, कोंबाचा पत्ता नाही. माझ्या आईच्या परसातला शेवटचा कंद तो. तो गेला की तिचं म्हणून काही उरत नाही मला.

सून : म्हणूनच तर लॅबमध्ये आणला. वरून सगळं जागच्या जागी आहे. हळदीसारखेच वेढे आहेत, मुळांच्या खुणा आहेत, कोंब फुटायचे डोळेसुद्धा शाबूत. जरा मऊ पडलाय, एवढंच. मीच गोंधळले.

सासू : मग आत काय बिघडलंय?

सून : तुम्हाला काय दिसतं ते सांगा.

सासू : कडेला साल, विटा रचल्यासारखी. मग पिवळे थेंब.

सून : ते तेल. आणि मध्ये?

सासू : खळ. कपड्यांना करतात तशी.

सून : आता हा दुसरा काप बघा. इथल्या कच्च्या कचोऱ्याचा.

सासू : हे भलतंच. चपटे दाणे, सुटे सुटे, एका टोकाला चोच.

सून : ते पिठाचे दाणे. कोंबाची शिदोरी. तुमच्या कंदात ते फुगून एकजीव झालेत. आई, हा उकडलेला आहे.

सासू : काहीतरीच काय. लावायचा कंद मी कशाला उकडीन?

सून : मलाही पटत नाही. पण जास्त पाण्यानं असं होत नाही. उकडल्यावरच होतं.

सासू : थांब. उकडला होता मी, पण तो दुसरा. औषधाचा. उकडून, वाळवून डब्यात ठेवला. हा तसाच फडक्यात बांधला.

सून : आणि घर बदललं तेव्हा?

सासू : तेव्हा दोन्ही एका पिशवीत गेले. तू भरलेस. नाही, मीच. इथं आल्यावर कुठला कुठे ठेवला... डोकं चालेना बघ माझं.

सून : सुकल्यावर वरून सारखेच दिसतात ते. म्हणजे कच्चा डब्यात गेला. मग आहे की तो. आजच लावू.

सासू : डबा रिकामा आहे.

सून : रिकामा कसा?

सासू : तुझा खोकला हटत नव्हता ना, तेव्हा डब्यातलाच उगाळला. रोज थोडा, मधातून. या खेपेला वास केवढा येतोय, असं तूच म्हणायचीस.

सून : सगळा?

सासू : नखाएवढाही ठेवला नाही.

सून : आई, माझ्या खोकल्यापायी तुमच्या आईचा कंद गेला.

सासू : काही बोलू नकोस. खोकला गेला ना पण पूर्ण?