आल्याची कुंडी

दवाखान्यात नंबराची वाट बघणारा शिंपी दाढेचं ठणकणं विसरून शेजारच्या दोघींच्या बोलण्याकडे कान लावून बसला होता.

"आलं आठवड्यात बुरसटतं हो, मावशी."

"धुऊन ठेवतेस?"

"सासूबाईंचा हुकूम! मातीचं काही फ्रिजमध्ये चालत नाही."

"ओलं राहिलं की बुरशी धरणारच. कुंडीतल्या कोरड्या मातीत पुरून ठेव, लागेल तसं काढ."

"त्यांनी पाहिलं तर? घर डोक्यावर घेतील."

"माझी सूनही चोरूनच पुरते."

"अय्या! म्हणजे तुम्हीपण धुवायला लावता?"

"लावते तर! स्वच्छता म्हणजे स्वच्छता."

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"झाडांना पाणी मीच घालते ना."

"आणि काही बोलला नाहीत?"

"बोलायचं काय त्यात? तेवढी एक कुंडी सोडून घालते."