सत्कारासाठी बंद केलेला संगणक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचे संचालक माननीय वामनराव, प्रमुख पाहुण्या सन्माननीय इंदुताई, व्यासपीठावरचे मान्यवर, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे माझ्या संगणकाला टेकून उभे असलेले सर्व बंधुभगिनी,

आपण मला इतक्या थाटात निरोप देत आहात, शाल पांघरवलीत. मे महिन्यात, नागपुरात, शाल! तीही मी आनंदानं घेतली. माझे सहकारी ताराचंदजी आत्ता म्हणाले, "डॉक्टर कुसुमताईंनी संगणकात माणसाचं रक्त वाहतं केलं." खरं आहे. सकाळपर्यंत वाहत होतं.

सकाळी काय झालं? खालच्या सभागृहातला कूलर बिघडला. अख्ख्या इमारतीत एसी या एकाच खोलीत. तो यंत्रासाठी आहे, माणसांसाठी नाही, हे मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत आले. तरी एप्रिल लागला की प्रत्येकाला संगणकाबद्दल जिज्ञासा वाटू लागते. कोणी पाहुण्यांना दाखवायला आणतं, कोणी डबा घेऊनच येतं. तर आमचे शिपाई बबनराव यांनी खुर्च्या इथे मांडल्या. तिथवर ठीक. पण यंत्राच्या घरघरीत भाषणं ऐकू येणार नाहीत, म्हणून त्यांनी ते बंदच केलं! मी विचारलं, "बबनराव, काहून बंद केलं?" तर म्हणतात, "मॅडम, तुमचाच तर कार्यक्रम होऊन राहिला! उद्या लावून देऊ ना."

उद्या लावून देऊ! अहो, तो काय रेडिओ आहे? वीज गेली असती तर नशिबाला बोल लावला असता. आज वीजही बिचारी होती.

कित्येक दिवस त्यावर एकच गणित चाललं होतं. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारख्या वेदना होतात. अंग गारठत गेलं की त्या किती लवकर अडकतात, हे जिवंत माणसावर करून बघायचं का? म्हणून आम्ही संगणकात आकड्यांची नस केली, तिच्यात आकड्यांच्याच पेशी सोडल्या. एकेक पेशी कुठे सरकली याचा हिशेब तो सतत करत राहतो. मध्ये बंद केला की पुन्हा पहिल्यापासून.

त्या मागे, दारापाशी, तुळसाबाई बसल्या आहेत. रामटेकजवळच्या खेड्यातून आल्यात. त्यांची लेक मैना या आजाराची. दरवर्षी धानाच्या रोवणीला गार चिखलात उभी राहते आणि दरवर्षी आमच्या वॉर्डात येते. गेल्या पावसाळ्यात वाचली, एवढंच मी म्हणेन. घरी बसली तर सासरचे म्हणतात, ढोंग करते. मघाशी आत शिरताना तुळसाबाईंनी मला विचारलं, "बाई, निंगालं का उत्तर? माया पोरीले पान्यात किती येळ उभं राहू देऊ?" मी शाल पांघरून उभी. काय सांगायचं त्यांना? की तुमचं उत्तर माझ्या सत्कारात बंद पडलं? ते उत्तर काही देवाचा शब्द नव्हे. पण सासरच्यांपुढे ठेवायला या बाईजवळ दुसरं आहे काय? मला संताप येतो, आणि आज तो लपवावासा वाटत नाही.

अध्यक्ष महोदय, उद्यापासून हा संगणक परीक्षेच्या निकालांना द्यायचा, असा आपला आदेश आहे. निवृत्त बाईनं तो मानायला हवा. पण खोलीची किल्ली अजून माझ्या कमरेला आहे, आणि हे गणित पुरं होईपर्यंत ती तिथेच राहील. निकाल उशिरा लागले तर पोरं रागावतील. मरणार नाहीत.

आपण सगळे इतक्या उन्हातून माझ्यासाठी आलात, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात माझा तोल गेला असेल, तर मोठ्या मनानं क्षमा करावी. फक्त ती व्हरांड्यात जाऊन करावी. चहा तिथेच मांडायला सांगितलाय. शेवटच्या माणसानं दार नीट ओढून घ्यावं.

तुळसाबाई, तुम्ही उठू नका. बसा. मी मशीन लावते.